इंगोले सरांचं ‘मोअर’

कुणाचे वडील वारले की लोक भेटायला जातात, खाली मान घालून बसतात आणि उठतात. आमच्या रिठद गावातल्या अशाच एका घरी इंगोले सर गेले. मुलगा म्हणाला, “बुढा गेला, सर.” सर म्हणाले, “मोअर.”

सगळे थिजले. मी दाराशी बायकांत बसले होते, तिथून डोळे वटारले. पण मुलाला वाटलं, सर आस्थेनं विचारताहेत. त्यानं आजारपण, अकोल्याचा दवाखाना, बापानं मागितलेला शेवटचा चहा, सगळं सांगितलं, पहिल्यांदाच मोकळा रडला आणि सरांना फाटकापर्यंत पोचवायला आला. बाहेर पडल्यावर सर मला म्हणाले, “चुकून निंघालं, मॅडम. पण पाहा, केवढा बोलला तो!”

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, मी गणित. दहावीच्या मुलांना ते इंग्रजीच्या एका बाहेरच्या परीक्षेला बसवतात. मधल्या पातळीची परीक्षा. लिहिणं-वाचणं असतंच, पण शेवटी तोंडी. तिथे एका शब्दात उत्तर दिलं की मार्क गेले. म्हणून सर कुणालाच एका शब्दावर सोडत नाहीत; ‘मोअर’, म्हणजे आणखी बोल. शिपाई “साहेब आले” म्हणाला, मोअर. कंडक्टरनं “रिसोड?” विचारलं, त्यालाही मोअर. कंडक्टर आता त्यांना न विचारताच तिकीट फाडतो.

ही तोंडी परीक्षा जोडीनं होते. दोघांनी परीक्षकासमोर एकमेकांशी गप्पा मारायच्या. इथे आमची मुलं मार खातात. मुलगा-मुलगी अशी जोडी लागली तर दोघंही टेबलाकडे बघत बसतात. मैत्रिणी असल्या तर त्याहून वाईट. एक अडली की दुसरी तिचंही उत्तर देऊन टाकते. आमच्याकडे मदत म्हणतात ती हीच.

कल्याणी यात पटाईत. घरात थोरली. धाकट्या भावांना भूक लागल्याचं तीच सांगते, बँकेत बापाच्या वतीनं तीच बोलते. तिची जोडीदारीण वैष्णवी जरा अडखळली की कल्याणीनं वाक्य पुरं केलंच म्हणून समजा.

“काहून वं, तुले दोन तोंडं हायेत काय?” सर ओरडायचे. “ती मुकी राह्यली तर तिचे मार्क गेले, अन् तुहे बी गेले.”

“पण सर, तिले येत नाई तर म्या गप बसू काय?”

“गप नाई बसाचं. सोपं इचाराचं. हे का ते, असं. तिनं एक उचललं की झाली गाडी सुरू.”

कल्याणीला हे पटत नव्हतं. अडलेल्याला आणखी प्रश्न विचारणं म्हणजे तिला छळ वाटे. पण पास होणं तर हवंच होतं. पास झाली तर अकरावीला वाशीमला धाडीन, असं बापानं चार लोकांत कबूल केलं होतं.

परीक्षेच्या तोंडावर वैष्णवीला कांजिण्या आल्या. सर म्हणाले, “मी होतो वैष्णवी.” मला परीक्षक केलं. “मॅडम, तुमी फक्त कार्ड वाचा. हसू नका.” मी एरवीही हसत नाही.

पन्नाशी उलटलेले सर शाळकरी पोरीसारखे गुडघे जुळवून बसले. मी कार्ड वाचलं. तुमच्या घरची संध्याकाळ कशी जाते, जोडीदाराला सांगा. कल्याणीनं भाकरी, शेळी, भावांची मारामारी, सगळं सांगितलं. मग सरांची पाळी. “इन द इव्हिनिंग, आय...” म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, वैष्णवीचं सोंग वठवताहेत. सोंग नव्हतं. इंगोले वहिनी वारून बरीच वर्षं झाली, मुलगा नाशिकला असतो.

कल्याणीनं तोंड उघडलं. आता ही सरांची संध्याकाळही सांगून टाकणार! पण तिनं ओठ मिटले आणि इंग्रजीतच हळू विचारलं, “तुम्ही आत बसता की बाहेर?”

“बाहेर,” सर म्हणाले. मग सावकाश, इंग्रजीतच, बोलत गेले. बाहेर ओट्यावर. रस्त्यानं जाणारे विचारतात, जेवलात का. मी हो म्हणतो. हो म्हटलं की त्यांना पुढे जाता येतं. कधी कधी जेवलेलो नसतो.

वेळ संपली होती. मी सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी वाशीमला केंद्राबाहेर आम्ही दोघं उभे होतो. कल्याणी उड्या मारतच आली. जोडीला शहरातली अनोळखी पोरगी मिळाली होती आणि ती मुकीच झाली होती.

“मंग?” सरांनी विचारलं.

“म्या इचारलं, तुह्या घरी गाय हाय का म्हैस?”

“वाशीमच्या पोरीले?”

“दोनी नाईत म्हने, कुत्रं हाय. मंग कुत्र्यावर अशी सुटली सर, का परीक्षकबाईले थांबवा लागलं!”

निकाल यायचा होता, पण मार्कांचा अंदाज मला येतो. ही पास होती.

बसला अवकाश होता. स्टँडच्या बाकावर कल्याणीनं डबा उघडला. भाकर आणि ठेचा. “सर, जेवले काय तुमी?”

सरांनी मान डोलवायला सुरुवात केली होती. मान मधेच थांबली.

“नाई,” ते म्हणाले. आणि मग, कुणी न विचारता, “काल रातचं बी नाई. एकट्यासाठी चूल पेटवाचा कंटाळा येते.”

“मंग सरका इकडं,” कल्याणी म्हणाली, आणि डबा तिनं आम्हा तिघांच्या मधोमध ठेवला.