मंगळवारची फळी

मंगळवारी सकाळी एकोने फळ्या मोजल्या तेव्हा त्या आठ भरल्या. त्याने पुन्हा मोजल्या. मग दाराकडून भिंतीकडे मोजल्या. तरी आठच. नववी, सगळ्यात लांब, निळी फळी जागेवर नव्हती. तिच्या जागी एक चिठ्ठी होती: "आज समुद्र फक्त माझा. तुमची, अराबा."

एको हा आमच्या सुआनो गावातला सर्फिंगचा मास्तर. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तो फळीवर पोटावर झोपवतो, लाट आली की उभं करतो आणि पडले की उचलतो. माणूस चांगला, फक्त विसराळू. फळ्यांच्या खोलीला कुलूप लावायचं तर रोजच विसरतो. पण आज विसरायला नको होतं, कारण दहा वाजता त्याच्या घरची मंडळी एफुआच्या घरी दार ठोठावायला जाणार होती. आमच्याकडे मुलीला मागणी अशीच घालतात. मुलाचा मामा जिनच्या दोन बाटल्या घेऊन जातो, दार ठोठावतो, दोन गोड शब्द बोलतो. मुलीच्या बापाने बाटल्या हातात घेतल्या की लग्न ठरलं. नाही घेतल्या तर मामा, बाटल्या आणि मुलगा तिघेही आल्या पावली परत.

आता हा बाप म्हणजे नाना ओतू, आमच्या मच्छीमारांचे प्रमुख. मंगळवार हा समुद्राच्या विश्रांतीचा वार, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम नानांचं. त्या दिवशी होडी नाही, जाळं नाही, पायाचा अंगठासुद्धा पाण्यात नाही. सर्फिंगबद्दल नानांचं मत सगळ्या गावाला पाठ होतं. "समुद्रात जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. शहाण्या माणसाच्या बाबतीत असं कधीतरी होतं. हा दिवसातून वीस वेळा करतो." तरी एफुआने हट्ट धरला म्हणून ते बोलणी ऐकायला तयार झाले, तेही एका अटीवर. "तुझी एक फळी जरी मंगळवारी पाण्यात दिसली ना, तर दार ठोठावायला येऊ नकोस. दारच काढून ठेवीन मी."

एको धावत जोजोमामाकडे गेला. मामा अंगणात बकरीसमोर भाषणाची तालीम करत होता.

"मामा, बाई समुद्रात गेली."

"कुठली बाई?"

"उर्सुलाबाई. माझी विद्यार्थिनी. जर्मनीची."

"अरे, पण आज मंगळवार."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो ना."

"तिला सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं," एको म्हणाला आणि मटकन ओट्यावर बसला. "जरा जास्तच सांगितलं."

झालं होतं असं, की उर्सुलाबाई एकसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पाण्याला मनातून घाबरलेल्या. त्यांची भीती घालवायला एकोने पहिल्याच दिवशी विचारलं, तुमचा जन्म कुठल्या वाराचा? निघाला मंगळवारचा. आमच्याकडे वारावरून नाव पडतं, त्यामुळे बाई तिथल्या तिथे अराबा झाल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो एको कसला. "समुद्रपण मंगळवारचाच," तो म्हणाला, "म्हणजे तुमचा भाऊच लागतो की. भावाला काय घाबरायचं?" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे केव्हातरी त्याने मंगळवारी समुद्रात कोणी जात नाही हेही सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं. मग दोन्हींची बेरीज केली. वार भावाचा, दिवस बहिणीचा, आणि इतर कोणाला प्रवेश नाही. गणित बरोबरच होतं, काय बोलणार.

मामाने नवं कापड अंगाभोवती घेतलं, दोन बाटल्या काखोटीला मारल्या. दोघे किनाऱ्यावर गेले.

मंगळवारी जाळी दुरुस्त करायची असतात, त्यामुळे सगळे पुरुष वाळूवरच होते. नाना एका ओढून ठेवलेल्या मोठ्या होडीच्या सावलीत, होडीला पाठ टेकून बसले होते. समुद्र त्यांच्या पाठीमागे, होडीपलीकडे. बसलेले असेपर्यंत त्यांना तो दिसत नव्हता. बाकी सगळ्यांना मात्र स्वच्छ दिसत होता, आणि त्या समुद्रात निळी फळी, आणि फळीवर पिवळी टोपी घातलेल्या उर्सुलाबाईसुद्धा. पण कोणी चकार शब्द काढत नव्हतं. दुसऱ्याची फजिती व्हायच्या बेतात असेल तर आमच्या गावाइतकं शांत गाव सापडायचं नाही.

एको होडीच्या टोकापलीकडे सरकला आणि त्याने दोन्ही हात वर करून हलवले. बाईंनी आनंदाने हात हलवला आणि फळी आणखी आत वल्हवत नेली. तेव्हा त्याला आठवलं, की दोन्ही हात वर म्हणजे 'मोठी लाट येतेय, पुढे व्हा' हे आपणच शिकवलंय. मग त्याने हातांची फुली केली. ती 'शाब्बास, असंच चालू दे'ची खूण होती. 'बाहेर या' ही खूण त्याने कधी शिकवलीच नव्हती. तशी गरजच पडली नव्हती. अकरा दिवस प्रत्येक लाट बाईंना स्वतःच बाहेर आणून टाकत होती.

"आत जाऊन घेऊन ये की," मामा कुजबुजला.

"मी पाण्यात पाय घातला तर?"

"तर दोघांचा दंड."

"आणि एफुआ?"

मामाने बाटल्या या काखेतून त्या काखेत घेतल्या. बाई बुडाल्या तर काय, आणि नाही बुडाल्या तर काय, दोन्हीकडून एकोचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात एफुआ बापासाठी केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे घेऊन आली. तिने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा एकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट नानांच्या पुढ्यात ठेवलं. नानांनी दोन घास खाल्ले आणि हात झटकले. "चला, आंघोळ उरकतो. दहाला पाहुणे यायचेत ना," असं म्हणत ते उठायला लागले.

"नाना, बसा," मामा एकदम पुढे झाला. "पाहुणे आलेत. दार इथेच ठोठावतो."

"इथे दार कुठंय?"

मामाने होडीच्या फळीवर ठक ठक केलं. "हे घ्या."

सगळ्यांनी जाळी खाली ठेवली. नाना थोडे चक्रावले, पण ठोठावल्यावर 'कोण' म्हणून विचारावंच लागतं. ते पुन्हा टेकले. "कोण आहे? कशाला आलात?"

"आम्ही आपले वाटसरू," मामाने घसा खाकरला. "जाता जाता तुमच्या परसात एक फूल दिसलं."

"आमच्या परसात मिरच्या आहेत."

"मिरचीलाही फूल येतंच की नाना."

एफुआने मामाकडे रोखून पाहिलं. मामाने घाईघाईने पुढचं वाक्य घेतलं. "तर ते फूल आम्हाला आवडलं. आमच्या अंगणात लावावं म्हणतो."

"मुलगा काय करतो?" नानांना सगळं ठाऊक होतं, पण विचारायची रीत असते.

"समुद्रात काम करतो."

"समुद्रातून आणतो काय?"

इथे मामाची तालीम संपली होती. बकरीने हा प्रश्न विचारला नव्हता. तो सुचेल ते म्हणाला, "माणसं आणतो. जितकी आत नेतो तितकी सुखरूप परत आणतो."

"सगळी?"

"सगळी," मामा म्हणाला. आणि नेमकं त्याच वेळी, नानांच्या डोक्यावरून, होडीच्या काठावरून एकोला एक लाट येताना दिसत होती. उंच, गुळगुळीत, एका बाजूने सावकाश मोडत येणारी. अशी लाट आमच्याकडे वर्षातून चार वेळा येत असेल. बाईंनी ती पाहिली होती. त्या वल्हवायला लागल्या होत्या.

एकोने ओठ घट्ट मिटले. बाईंनी हात फळीवर टेकले. उजवा पाय पुढे घेतला. एक गुडघा उचलला. अकरा दिवस त्या बरोबर इथेच चुकत होत्या, ताठ उभ्या राहायच्या आणि तोंडावर पडायच्या. एकोने स्वतःला आवरायचा फार प्रयत्न केला, खोटं कशाला बोला, पण मास्तर तो मास्तरच.

"गुडघे!" तो ओरडला. "गुडघे वाकवा!"

"कोणाचे गुडघे?" नाना म्हणाले.

"माझे," मामा म्हणाला आणि बाटल्यांसकट वाळूत गुडघ्यांवर बसला. सत्तरीचे गुडघे ते, कट्कन वाजले. "रीत म्हणून, नाना. फूल मागताना आमच्याकडे असंच करतात."

"कधीपासून?"

"हात सोडा, पुढे बघा," एको पुटपुटत होता, "खाली नाही, पुढे, पुढे..." आणि मग किनाऱ्यावरच्या चाळीस माणसांच्या तोंडून एकाच वेळी हुंकार निघाला. बाई उभ्या राहिल्या होत्या.

नाना उठले. वळले. होडीच्या काठावर हात ठेवून त्यांनी पाहिलं.

मंगळवारच्या रिकाम्या समुद्रावरून पिवळ्या टोपीची बाई निळ्या फळीवर उभी राहून सरळ त्यांच्याच दिशेने येत होती. ती येत राहिली. वाळूला लागेपर्यंत पडली नाही, आणि वाळूला लागल्यावर नानांच्या समोर, होडीपलीकडच्या वाळूत पडली. नाकातोंडातलं पाणी पुसत उठली, आणि आमच्या भाषेतले जे पन्नास शब्द तिला येत होते त्यांतले चार जुळवून म्हणाली, "एको, मी उभी. भाऊ चांगला."

सगळ्यांची तोंडं पाहून बाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"फळी कोणाची?" नानांनी विचारलं.

"माझी," एको म्हणाला.

"वार कोणता?"

"मंगळवार."

"मी काय म्हणालो होतो?"

एफुआकडे बघायची एकोची हिंमत होईना. सगळं संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. बाप म्हणून बोलण्याआधी नानांना प्रमुख म्हणून बोलायचं होतं. आधी समुद्र, मग घर, असा त्यांचा शिरस्ता. "दंड," ते म्हणाले. "एक मेंढी आणि जिनच्या दोन बाटल्या. समुद्राची समजूत घालायला. आत्ताच्या आत्ता."

आत्ताच्या आत्ता म्हटल्यावर मामाने गुडघ्यांवरूनच हातातल्या दोन बाटल्या वर धरल्या. "घ्या नाना."

नानांनी रागारागाने त्या हिसकावून घेतल्या.

आणि मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून मावशी एसी, सगळ्यात म्हातारी, दोन्ही हात वर करून म्हणाली, "घेतल्या गं. दार उघडलं."

"हा दंड आहे," नाना म्हणाले.

"ठोठावून झालं, फूल मागून झालं, मामा गुडघ्यावर आणि बाटल्या तुमच्या हातात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"मावशी, दंड आहे म्हटलं ना."

"मग परत द्या."

नानांनी बाटल्यांकडे पाहिलं. समुद्राच्या नावाने घेतलेली वस्तू परत करायची नसते, हे गेली तीस वर्षं तेच सगळ्यांना बजावत आले होते. परत द्यावी तर समुद्राचा अपमान, ठेवावी तर हा जावई. त्यांनी एक बाटली उजव्या हातात, एक डाव्या हातात तोलून पाहिली.

शेवटी नाना लेकीकडे वळले. असा पेच पडला तर मुलीलाच विचारायचं, आणि तीनदा विचारायचं, ही आमची रीत. "एफुआ, या बाटल्या दंडाच्या की दाराच्या?"

"दाराच्या," एफुआ म्हणाली.

"दंडाच्या की दाराच्या?"

"दाराच्या."

"शेवटचं विचारतो. दंडाच्या की दाराच्या?"

या वेळी तिने आधी वाळूत पडलेल्या फळीकडे पाहिलं, ओल्या उर्सुलाबाईंकडे पाहिलं, मग एकोकडे पाहिलं. चांगलं खालून वरपर्यंत पाहिलं. एकोला वाटलं, गेलं, आता हिचंही मन फिरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

"दाराच्याच," ती म्हणाली. "दंडाच्या दोन वेगळ्या घ्या, नाना. आणि मेंढी मुळीच सोडू नका, चांगली धष्टपुष्ट बघून घ्या. फळ्यांच्या खोलीला कुलूप लाव म्हणून वर्षभर सांगतेय मी याला. एका कानाने ऐकतो. आता लग्न झाल्यावर किल्ली माझ्याकडे राहील, पाहुण्यांच्या हजेरीची वही माझ्याकडे राहील, आणि कोण कुठल्या वारी पाण्यात जातं ते मी बघेन."

बायकांनी आनंदाचा गलका केला. मामाला दोघांनी धरून उभं केलं. एको अजून एफुआकडेच बघत होता. इतके दिवस आपण घाबरलो खरे, पण भलत्याच माणसाला, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येत होतं.

नानांनीही ते पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत एकोबद्दल राग नव्हता, थोडी कणवच होती. ते होडीच्या सावलीत पुन्हा खाली बसले आणि जरा सरकले.

"बस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिची आईपण अशीच होती."