मेट्रनच्या केसांना व्हिनेगर

सासूबाईंचे केस व्हिनेगरने धुवायचं ठरलं ते एका वाक्यात, आणि ते वाक्य माझं होतं. मी मुळातच कमी बोलते. लग्नाला अडीच महिने झाले होते आणि तेवढ्यात त्या घरात मी सगळी मिळून शंभरेक वाक्यं बोलले असेन. त्यातली नव्वद "हो आई" या जातीची. उरलेल्या दहांत नेमकं हे निघावं, यालाच नशीब म्हणत असावेत.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रन. चौतीस वर्षं नोकरी झालेली, आणि सोमवारी निवृत्ती. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंट आपापली चादर आपणच सरळ करतात, असं मी लग्नाआधीच ऐकलं होतं. (आता मीही करते.) घरात मीठ मागितलं तरी त्या बरणीवरची चिठ्ठी तीनदा वाचतात: उचलताना, देताना आणि परत ठेवताना. मला त्यांची भीती वाटायची हे खरं, पण एखाद्या उंच इमारतीकडे मान वर करून बघावं तसं त्यांच्याकडे बघत राहावंसंही वाटायचं.

त्यांच्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर आधीच्या आठ मेट्रनचे फोटो आहेत. आठहीजणींच्या डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. ती टोपी सासूबाईंनी बारा वर्षं भांडून बंद करवली, कारण तिचा उपयोग काहीच नाही आणि धूळ मात्र बसते. म्हणजे नववा फोटो त्या भिंतीवरचा पहिला उघड्या डोक्याचा फोटो असणार होता. तो सोमवारी निरोपसमारंभात काढायचा होता, आणि एकदा लागला की पुढची पन्नास वर्षं तिथून हलणार नव्हता.

रविवारी सकाळी त्या आरशासमोर केस सोडून उभ्या होत्या. पांढरे, दाट, खांद्याच्या खाली येणारे केस. पण आमच्या घरचं पाणी जड, नळाच्या तोंडाशी खडे धरणारं. त्यामुळे केसांवर पिवळट झाक चढली होती.

"फोटोत ही वॉर्डातली जुनी चादर दिसणार," त्या आरशाला म्हणाल्या. मला नव्हे. मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. तरी माझ्या तोंडून निघून गेलंच की व्हिनेगरच्या पाण्याने धुतले तर झाक जाईल.

त्या वळल्या. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की गिरणीत आम्ही रोज तेच करतो.

मी लोकरीच्या गिरणीत, रंगखात्यात काम करते. रंग वजन करायचे, लोकरीचे नमुने रंगवायचे, धुऊन बघायचे. आंबट पाण्याशी माझा दिवसाचे आठ तास संबंध. अडीच महिन्यांत त्यांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तूच कर." चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःचं कुठलंही काम दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

मी कामाला लागले ती अगदी खात्याच्या शिस्तीत. कपाटात व्हिनेगरच्या दोन बाटल्या होत्या, एक तपकिरी आणि एक पाण्यासारखी. तपकिरी काळ्या केसांना खपून जाईल, पांढऱ्या केसांवर त्याचा डाग राहू शकतो. अडाणी माणूस इथेच फसतो, असं मनाशी म्हणून मी ती बाटली मागे सारली. पांढरं व्हिनेगर, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे, चमचाही काठोकाठ मोजून. सासूबाई चष्मा काढून बाथरूमच्या स्टुलावर बसल्या आणि मी तांब्याने ते पाणी सोडलं. झाक खरंच गेली. केस असे झाले की मला वाटलं, इथे थांबावं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायला तोंड उघडलं नसतं.

पण गिरणीत आंबट पाण्यानंतर ऊब देतात. सवय म्हणा, उत्साह म्हणा, मी जाहीर केलं की आता पंधरा मिनिटं ऊब द्यायची, मग साध्या पाण्याने धुवायचं. (असं कुठेही सांगितलेलं नाही. हे माझं स्वतःचं संशोधन.) ऊब धरायला लोकरीसारखं काही नाही, म्हणून मी आतून माझा जांभळा स्कार्फ आणला. तो मीच रंगवलेला नमुना होता. पाण्यात रंग सोडतो म्हणून नापास झालेला, पण रंग इतका गोड की टाकवेना. रंग सुटेल ही शंका मला आली नाही असं नाही. आली. तिचं उत्तरही मी लगेच दिलं: व्हिनेगरने रंग पक्का होतो, तेव्हा आज हा सुटणार नाही. स्कार्फ गुंडाळला आणि वर सासूबाईंचीच गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली.

पंधरा मिनिटांनी स्कार्फ सोडला आणि माझं उत्तर अर्धं बरोबर निघालं. रंग पक्का झाला होता. फक्त तो आधी स्कार्फमधून सुटला होता आणि मग केसांवर पक्का झाला होता. केस काय आणि लोकर काय, आतून एकाच जातीची. रंगाच्या दृष्टीने मेंढी आणि मेट्रन यांत काडीचा फरक नाही, हे मी कामावर रोज शिकते आणि घरी यायच्या आत विसरते.

त्यांचे केस जांभळे झाले होते. गडद नव्हे, फिकट. पण कोवळ्या वांग्याइतके तरी नक्कीच.

मी एकही शब्द न बोलता शाम्पू लावला. फेस पांढरा निघाला. दुसऱ्यांदा लावला, फेस आणखी पांढरा. तिसऱ्यांदा लावताना लाज वाटेल असा एक विचार मनात येऊन गेला: सहा महिने खात्यात जो रंग पक्का होत नव्हता तो आज झाला, आणि कृती मी कुठे लिहून ठेवली नाही.

"झाले का?" सासूबाईंनी विचारलं. डोळे मिटलेले, चष्मा बाहेर टेबलावर. माझ्या हातात फार तर पाच मिनिटं होती. चष्मा लपवावा हे सुचलं. बाथरूमचा दिवा गेला म्हणावं हेही सुचलं. मग त्यांच्या मानेला एक जांभळी बट चिकटली, त्यांनी ती बोटाने सहज मागे सारली, आणि मला राहवेना.

"आई, तुमचे केस जांभळे झालेत. चूक माझी आहे."

त्या उठल्या. बाहेर गेल्या, चष्मा लावला आणि आरशात पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मी दाराशी उभी राहून माहेरी नेण्याची बॅग कुठे ठेवली आहे ते आठवत होते.

"किती वेळाने सांगितलंस?"

"तीन शाम्पू झाल्यावर."

"पहिल्याच्या आधी सांगायचं," त्या म्हणाल्या आणि खणातून हॉस्पिटलचा एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वॉर्डात काही चुकलं की चुकणाऱ्याने तो भरायचा: काय घडलं, केव्हा घडलं, कोणाला कळवलं, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. स्वतःच्या बाथरूममधल्या अपघाताचा अहवाल लिहिणारी जगातली पहिली सून मीच असेन. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "स्कार्फचा रंग सुटला."

त्यांनी ते लाल शाईने खोडलं. "स्कार्फवर ढकलू नकोस. तो काही अहवाल लिहायला बसलेला नाही."

मी पुन्हा लिहिलं, "मला सगळं माहीत आहे असं मला वाटलं."

त्यांनी ते दोनदा वाचलं. एवढ्या नोकरीत हे कारण लिहिणारा एकही डॉक्टर आपल्याला भेटला नाही, असं म्हणून त्यांनी खाली सही केली आणि कागद पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात माझा नवरा बाहेरून आला. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. त्याने आईकडे नीट निरखून पाहिलं, नजर बारीक केली, आणि विचारलं की तू थोडी बारीक झालीस का.

मी काळा रंग लावायचं सुचवलं. मग घाबरत घाबरत टोपीही सुचवली. टोपीचं नाव काढताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे गेले. "ती उतरवायला बारा वर्षं गेली माझी. तुझ्या एका स्कार्फपायी परत घालू?"

सोमवारी त्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, केसांचा घट्ट अंबाडा घालून, सभागृहाच्या मधल्या वाटेने चालत गेल्या. तो जांभळा अंबाडा अशा काही ताठ मानेवर बसला होता की मेट्रन झाल्यावर केस या रंगाचे करावेच लागतात, असा नियम असावा असं वाटलं. फोटोग्राफरने कॅमेऱ्यात बिघाड समजून तीनदा बटणं फिरवली, मग हळूच म्हणाला की रंग नंतर दुरुस्त करून देता येईल. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्याने गुपचूप फोटो काढला. भिंतीवरच्या नऊ फोटोंत आज नजर पहिली त्याच्यावर जाते. समारंभात चार सिस्टरांनी त्यांना विचारलं, की कुठल्या पार्लरमधून करून घेतलंत. त्या म्हणाल्या, "घरी. माझी सून रंगखात्यात असते." मी खुर्चीतल्या खुर्चीत दोन बोटं वर सरकले.

चहाच्या वेळी शिकाऊ नर्सचा एक घोळका माझ्याकडे बघून कुजबुजायला लागला. शेवटी त्यातली एक धीर करून पुढे आली. "ताई, त्या तुम्हीच ना?"

मी शक्य तितक्या नम्रपणे हो म्हटलं.

मॅडमनी, म्हणजे सासूबाईंनी, सकाळी या मुलींना शिकवण्याच्या आपल्या शेवटच्या तासाला माझा अहवाल वाचून दाखवला होता आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला होता. ते ऐकून आम्हाला फार धीर आला, असं ती मनापासून म्हणाली. मग तिने वही उघडली.

"तोंडी परीक्षेत यावर प्रश्न आहे, ताई. एकूण चुका किती झाल्या? आमच्यात वाद चाललाय, सात की आठ. तुम्ही सांगाल का?"

मला तोवर तीनच माहीत होत्या.