एक जूनचा मोतीबिंदू

ब्रिस्टलमध्ये विमानांचे पंख बनवणाऱ्या एका कंपनीत कडूबा साळवे तेवीस वर्षं रिव्हेट, म्हणजे पंखाचे पत्रे जोडणारे खिळे, तपासत होते. एखादा रिव्हेट ढिला असला तर तो त्यांना दुरूनच दिसे, आणि दिसला की अख्खा पंख परत जाई. अशा माणसाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि एकाचे दोन दिसू लागले. कंपनीने त्यांना सन्मानाने उचलून स्टोअरमध्ये हातमोजे मोजायला बसवलं. हातमोजे जोडीनेच येतात, त्यामुळे फार नुकसान होण्यासारखं नव्हतं. कडूबारावांचा जीव मात्र पंखांपाशीच घुटमळत होता.

ऑपरेशन वीस मिनिटांचं होतं. कंपनीचं खासगी हेल्थ कव्हर होतं, तेव्हा प्रश्नच नव्हता. जिथे प्रश्न नसतो तिथे तो निर्माण करायला माणसं नेमलेली असतात. त्या विमेवाल्यांचं पत्र आलं: वयाच्या सहासष्टीनंतर कर्मचाऱ्याने प्रथम सरकारी दवाखान्यात ज्येष्ठ म्हणून नाव नोंदवावं, त्या नोंदीचा कागद आणावा, मग डोळ्याचा विचार करण्यात येईल.

दवाखान्याच्या रिसेप्शनवर अनुष्का होती. मुलगी मराठी, पण जन्म इथलाच.

"नाव झाली, अंकल. आता डेट ऑफ बर्थ सांगा."

"शाळेची सांगू, की खरी?" कडूबारावांनी विचारलं.

इथे खुलासा करणं भाग आहे. कडूबारावांच्या पिढीत गावाकडच्या पोरांना जन्म आई देई आणि जन्मतारीख गुरुजी देत. पहिलीत घालायचं तर वय भरलेलं हवं आणि शाळा उघडणार जूनमध्ये, म्हणून गुरुजी डोळे मिटून एक जून लिहीत. आईच्या म्हणण्याप्रमाणे कडूबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मले, आणि तेही गुरुजींनी लिहिलेल्या सालाच्या पुढच्या साली.

"टू डेट्स?" अनुष्का आनंदली. तिला नुकतंच संवेदनशीलतेचं ट्रेनिंग मिळालं होतं. "नो प्रॉब्लेम, अंकल. दोन्ही टाकते. पेशंटचा ट्रुथ रिस्पेक्ट करायला पाहिजे."

कॉम्प्युटरने दोन्ही तारखांचा मान राखला आणि दोन कडूबा साळवे तयार केले. आठवड्याभरात दोन पत्रं आली. सहासष्ट वर्षांच्या कडूबांना लिहिलं होतं, 'आपणास कंपनीचं कव्हर आहे, तिकडे जावं.' पासष्ट वर्षांच्या कडूबांना लिहिलं होतं, 'आपण अद्याप ज्येष्ठ नाही, धीर धरावा.' विमेवाल्यांनी दोन्ही पत्रं वाचून कळवलं की पॉलिसी एकाचीच आहे, तरी घरातल्या दुसऱ्या साळव्यांची नोंद त्वरित बंद करावी.

"काय नसती पीडा लावून घेतली!" चंदाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "अहो, त्या पोरीपुढं पोळ्याचं काढायची काय गरज होती? खरं बोलल्याबिगर घास उतरत नाही तुम्हाला."

"अगं, तिनं विचारलं म्हणून सांगितलं."

नोंद बंद करायला एक तर मृत्यूचा दाखला लागत होता, नाही तर दोन्ही पेशंटांची समक्ष संमती. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून दुसरा मार्ग धरला. दवाखान्याच्या मॅनेजरबाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. कडूबारावांनी एका खुर्चीत बसून सही केली, उठून दुसऱ्या खुर्चीत बसून सही केली. साक्षीदार म्हणून चंदाबाई उभ्या होत्या.

"यांतले तुमचे मिस्टर कोणते?" मॅनेजरबाईंनी गंभीरपणे विचारलं. अनुष्काने ते मराठीत समजावलं.

चंदाबाईंनी दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. "लग्नाच्या नोंदीत एक जूनच हाय. तोच ठेवा. पोळ्याचा होता तो सासूबाईंचा."

कडूबारावांना एकदम भरून आलं. आई गेल्यावरही दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गुळाचा शिरा करून खात. आता तो कोणाच्या नावाने खायचा, हे त्यांना कळेना. पण डोळा महत्त्वाचा होता. पोळ्याचे कडूबा दुपारी सव्वातीनला बंद झाले.

एकदा फसलेला कॉम्प्युटर आता शहाणा झाला होता. एकाच माणसाच्या अनेक नोंदी हुडकायच्या, हे काम त्याने मनावर घेतलं. अख्ख्या इंग्लंडात एक जूनला जन्मलेले अडतीस मराठी ज्येष्ठ नागरिक त्याला सापडले. सगळे कडूबारावांच्याच मुलखातले, सगळ्यांची तीच तारीख. तेव्हा हा एकच लबाड इसम असणार, असं ठरवून त्याने अडतीस जण एकत्र केले. त्यांतल्या क्रॉयडनच्या विष्णू पगारे यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षीच झालं होतं. कडूबारावांना पत्र आलं: 'आपलं ऑपरेशन यशस्वी झालं आहे. अभिनंदन.'

ते तडक दवाखान्यात गेले. "पोरी, मला अजूनही दोन अनुष्का दिसतायत."

"बट अंकल, सिस्टिममध्ये तुमची डोळा क्लिअर झाली आहे. मी चेंज नाही करू शकत." तिला खरंच वाईट वाटलं. "यू लुक ग्रेट, बाय द वे."

कंपनीने ते पत्र पाहून त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि परत पंखांवर पाठवलं. कडूबारावांनी दोन्ही पुष्पगुच्छांचे आभार मानले. संध्याकाळी त्यांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं: 'रिव्हेट दिसले आठ हजार चारशे. खरे चार हजार दोनशे असावेत.'

साहेबांनी बोलावून घेतलं. "मिस्टर साळवे, कागदावर एकच आकडा चालतो. तुमचा डोळा सर्टिफाइड आहे. दिसले तेवढे लिहा."

"साहेब, पण खरे..."

"खऱ्यानं तुमचं किती भलं झालं?"

कडूबारावांनी अहवालातलं दुसरं वाक्य खोडलं. आठ हजार चारशेचा आकडा वरच्या मजल्यावर गेला. तिथल्या हुशार मंडळींच्या लक्षात आलं की पंखाला गरजेच्या दुप्पट रिव्हेट लागतायत. लगेच परिपत्रक निघालं: यापुढे एकाआड एक रिव्हेट बसवावा.

तेव्हा या दिवाळीला आपण भारतात निघालात आणि खिडकीची सीट मिळाली, तर पंखाकडे एकदा बघा. रिव्हेट कमी दिसले, तर घाबरण्याआधी आपली शाळेतली जन्मतारीख आठवा. ती एक जून असेल, तर आपल्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन क्रॉयडनला झालेलं आहे, आणि जे दिसतंय ते अगदी बरोबर आहे. पट्टा तेवढा घट्ट बांधा.