सोपानमामांचं गिऱ्हाईक

सोपान पेंटर रोज सकाळी दुकान उघडलं की तासभर गिऱ्हाईक व्हायचे. स्वतःच्याच दुकानात! रंगाचं फडकं उपरण्यासारखं खांद्यावर टाकायचं, भुवया चढवायच्या आणि खेकसायचं, "हां, आलं गिऱ्हाईक! बोल!"

बोलायचं मी.

मी म्हणजे पुण्याहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन दौंडला परतलेला कलावंत. दाढी वाढवलेली, खांद्याला शबनम पिशवी. सत्तरच्या दशकात तेवढ्यावर माणूस कलावंत ठरायचा. काम मात्र मिळायचं नाही. रेल्वेतल्या वडिलांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत एक तरी बोर्ड मिळव. नाहीतर लोकोशेडला चिकटवतो." लोकोशेड म्हणजे जन्मभर इंजिनांचं तेल पुसत बसायचं. म्हणून सोपानमामांना शरण गेलो. मामा जवळच्या राहू गावच्या बौद्धवाड्यातले. वीस वर्षं दौंडच्या पाट्या रंगवत होते.

माझे नमुने बघून म्हणाले, "आर्टिस, ब्रश झकास चालतो तुझा. जीभ चालत न्हाई. कालिजात शिकवली न्हाई व्हय?"

नव्हती शिकवली. रंगसंगती शिकवली होती. काम मागायचं कसं, ते कुणी सांगितलंच नाही.

"ही अक्षरं हायती का मुंगळे?" गिऱ्हाईक झालेले मामा ओरडायचे.

"मुंगळेच आहेत," मी घाबरून कबूल करायचो.

"कबूल काय करतोस, गाढवा! म्हनायचं, लांबनं बघा शेठ, येष्टीतनं बघा! बरं, माझा मेव्हणा फुकट काढून देतो. आता?"

"मग त्यांच्याकडूनच घ्या," म्हणून मी सरळ चपला घालायचो. मामा कपाळावर हात मारून घ्यायचे.

पण दोन महिन्यांत तयार झालो. कुठल्याही अपमानाला उत्तर तोंडपाठ. दसऱ्याच्या सुमारास बाजारपेठेत भांड्यांचं नवं दुकान निघत होतं. छाती काढून आत गेलो, नमुने गल्ल्यावर ठेवले. मालक शांतिलालशेठ हसून म्हणाले, "या, बसा ना."

घ्या! याचा सराव कुठं झाला होता?

"मुंगळे नाहीत ती!" मी ओरडलो. "आणि मेव्हण्याकडून फुकट काढून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या!"

शेठ गार पडले. "अहो, मला मेव्हणाच नाही," ते हळूच म्हणाले.

नमुने तिथंच टाकून मी पळालो, तो थेट मामांच्या दुकानात. "गेलं काम! माणूस चांगला निघाला, मामा!"

मामा पोट धरधरून हसले. माझं डोकं फिरलं. "हसताय काय? एकदा तरी चांगलं गिऱ्हाईक व्हायचं होतंत!"

त्यांचं हसू थांबलं. फडक्याला हात पुसत राहिले.

"दारात उभं करूनच बोलत्यात रं मला. वीस वर्सं झाली. 'बसा' कुणी म्हनलंच न्हाई. तवा काय बोलायचं, ते मला तरी कुठं ठावं हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नमुने आणायला मामांना बरोबर नेलं. शेठनी ते रात्रीतून चाळून ठेवले होते. "भांडखोर आहात, पण हात चांगला आहे," म्हणाले. बोर्ड माझा झाला. लोकोशेड टळली. उडी मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हे तुमचे गुरू ना? बसा, बसा मास्तर." आणि खुर्ची पुढं सरकवली.

सगळ्या गिऱ्हाइकांची उत्तरं ठाऊक असलेला हा माणूस उंबऱ्याशी घोटाळला आणि माझ्याकडं बघायला लागला. माझे डोळे भरून आले.

"काही बोलायचं नसतं, मामा," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. "नुसतं बसायचं."