विव्हिंग खात्यातला कॉन्चेर्टो

दही विरजायला घेतलेल्या पातेल्यात सुहासिनीबाईंच्या बोटांना काहीतरी गिळगिळीत आणि लांबच लांब लागलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. पिवळट, ओली, चांगली दोन हात लांब दोरी होती.

“अहो, हे माझ्या पातेल्यात काय भिजत घातलंय?”

दिनानाथ ढमढेरे पेपरात तोंड खुपसून बसले होते. “तात आहे. पिंजाऱ्याच्या कमानीला असते ना, ती. जरा नरम पडू दे.”

“कशाची असते?”

या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर दुपारच्या जेवणाचं काय होईल, याचा विचार करेपर्यंत उत्तर तोंडातून निघून गेलं होतं. “आतड्याची,” ते म्हणाले, आणि धीर द्यावा म्हणून पुढे म्हणाले, “बकरीच्या. एकदम साफ केलेली असते.”

 सुहासिनीबाईंनी पातेलं, तात आणि पाणी तिन्ही उचलून अंगणात नेऊन ठेवलं, नळाखाली हात धरला आणि तो टाकीतलं पाणी संपेपर्यंत धुतला. मग त्या पदराला हात पुसत आल्या.

“मिल बंद झाली तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, माणूस घरात बसेल. घरात आतडी भिजत घालेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.”

चूक म्हटली तर दिनानाथांच्या आजोबांची होती. ते होळकरांच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवत. संस्थान गेलं, बँड गेला, आजोबा गेले. व्हायोलिन तेवढं राहिलं. दिनानाथांनी ते गणेशोत्सवात वाजवून वाजवून जिवंत ठेवलं होतं. पोटासाठी मात्र चोवीस वर्षं चंद्रप्रभा मिलच्या विव्हिंग खात्यात जॉबर म्हणून कापड विणायचे लूम दुरुस्त केले. दीड वर्षापूर्वी मिलला कुलूप लागलं. मालकांचे चिरंजीव जयेशबाबू विलायतेत शिकून आले होते. त्यांनी शेवटच्या आठवड्यात खात्यातून फेरी मारली, १९२४ सालच्या एका लूमवर टिचकी मारली आणि म्हणाले, “हे तर म्यूझियममध्ये ठेवा. आता दुनिया ओपन झाली आहे. जुनं काही चालणार नाही.” त्या लूमशेजारी उभ्या असलेल्या माणसांकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं होतं.

त्याच जयेशबाबूंनी गेल्या महिन्यात दिनानाथांना निरोप पाठवून बंगल्यावर बोलावलं. जयेशबाबू लहानपणापासून मराठी गड्यामाणसांत वाढल्यामुळे इंदौरी मराठी झकास बोलत.

“दिनानाथजी, तुमच्याकडे दादाजींचा व्हायोलिन आहे ना? ओरिजिनल? म्हणजे नवीन काही लावलं तर नाही?”

“नाही बाबूजी. नवीन लावायला जमलंच नाही.”

“बस, तोच पाहिजे.” जयेशबाबूंच्या डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं. त्यांनी टेबलावरची एक चकचकीत पुस्तिका उघडली. तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे ‘बरोक’ काळातल्या लांबलचक संगीतरचना, आता तिकडे त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात, आतड्याच्या तारा लावून, अर्धा सूर खाली लावून, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. “नव्या वाद्यात आत्मा नाही, दिनानाथजी. लोहे की तार म्हणजे मशीन. जुन्या वस्तूत जी बात आहे ना, ती वेगळीच. अपन इंदौरमध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड करू. कॅसेट फॉरेनला पाठवू.”

“कुठे करायचं?”

“आपल्या विव्हिंग शेडमध्ये. काय गूंज आहे तिथं. तसाही तो पुढच्या महिन्यात पाडायचाच आहे. मिल कायमची बंद करायची, क्लोजरची सरकारी परमिशन आली की तिथे शॉपिंग प्लाझा.”

दिनानाथांना राग यायला हवा होता. पण कुणी तरी त्यांचं व्हायोलिन ऐकायला मागत होतं, आणि असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. ते हो म्हणून मोकळे झाले.

अडचणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. आतड्याच्या तारा इंदौरात मिळेनात. सराफ्यापासून छावणीपर्यंत दुकानदारांनी दिनानाथांकडे संशयानं पाहिलं. शेवटी त्यांना मन्सूरचाचा आठवले. कापूस पिंजणारे मन्सूरचाचा परदेशीपुऱ्याच्या नाक्यावर गाद्या भरत. त्यांच्या पिंजणाच्या कमानीला तात होती.

“ही तात मोटी आहे भिया,” चाचांनी सांगितलं. “बारीक पाहिजे तर पिळून देतो. पण हिला नरम करावं लागतं, पानी में रखना.” त्याचाच परिणाम म्हणजे सुहासिनीबाईंचं पातेलं.

मग पुस्तिकेतून एकेक कलम निघू लागलं. हनुवटी टेकवायची लाकडी वाटी त्या काळी नव्हती, म्हणून ती काढली. व्हायोलिन घामानं खांद्यावरून घसरू लागलं. त्या काळचा गज बाहेरच्या बाजूला वाकलेला असे, म्हणून जयेशबाबूंनी चित्र दाखवलं. मन्सूरचाचांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “हे तर माझंच पिंजण आहे, फक्त छोटं,” आणि दोन दिवसांत बांबूचे चार गज करून दिले. साथीला राणीपुऱ्याच्या लग्नाच्या बँडमधले दोन वादक आणि रेल्वेचे एक निवृत्त गार्ड मिळाले. गार्डसाहेब उत्तम वाजवत, फक्त वेळेआधी सुटत नसत आणि सुटले की थांबत नसत.

तीन आठवडे दिनानाथांनी जीव ओतून रियाज केला. त्यातला एक संथ भाग एकट्यानं वाजवायचा होता. तो त्यांना इतका साधला की एकदा सुहासिनीबाई पोळी तव्यावर ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. “हे चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त ती तार मला दाखवू नका.”

रेकॉर्डिंगचा दिवस एप्रिलच्या अखेरीचा निघाला. विव्हिंग शेडमध्ये दोनशे लूम धूळ पांघरून उभे होते. मधल्या मोकळ्या पट्ट्यात चार खुर्च्या, दोन माइक आणि सिंगापूरहून आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन. जयेशबाबू कानाला हेडफोन लावून बसले. त्यांनी बोट वर केलं.

पहिल्याच ओळीला गार्डसाहेबांची तात तुटली आणि त्यांच्या कानशिलावर बसली. दुसरी लावेपर्यंत बँडवाल्याच्या व्हायोलिनच्या खुंट्या कोरड्या हवेनं आक्रसून गरगर फिरल्या आणि चारी तारा लोंबल्या. दुपारी बारापर्यंत सात तारा तुटल्या होत्या आणि रेकॉर्ड काय झालं होतं, तर गार्डसाहेबांचा एक शब्द. तो कॅसेटवर घालता येण्यासारखा नव्हता.

जयेशबाबूंनी घाईघाईनं पुस्तिका चाळली. “हवेत नमी पाहिजे, लिहिलंय. गट स्ट्रिंगला, म्हणजे आतड्याच्या तारेला, ह्युमिडिटी लागते.”

“सुतालाही लागते,” दिनानाथ म्हणाले. “नाहीतर धागा तुटतो. म्हणूनच तर इथे फव्वारा होता.”

फव्वारा म्हणजे छताजवळच्या नळ्यांतून शेडभर बारीक तुषार सोडणारी जुनी यंत्रणा. तिचा भला मोठा पंखा उदयसिंह चालवत. तेही आता घरी बसले होते, मिलच्या मागच्याच गल्लीत. जयेशबाबूंनी गाडी पाठवून त्यांना आणलं.

उदयसिंहांनी पंख्याभोवती एक चक्कर मारली. “बाबूजी, तुम्ही तर क्लोजरच्या अर्जात लिहून दिलंय की शेडमधली एकही मशीन चालत नाही.”

“ती सरकारी भाषा असते, उदयसिंहजी. चालेल ना?”

“चालायला काय झालंय? बंद आम्ही केली होती का?” उदयसिंहांनी दोन ठिकाणी तेल घातलं, एका ठिकाणी लाथ मारली आणि खटका ओढला.

पंखा सुरू झाला. त्याची घरघर भिंतींना, पत्र्यांना, जमिनीला लागली आणि परदेशीपुऱ्याच्या गल्ल्यांतून पसरली. दीड वर्ष त्या भागातल्या माणसांना शांततेमुळे झोप लागत नव्हती. आता बायका भांडी टाकून बाहेर आल्या. पुरुष उठून सदरे शोधू लागले. अर्ध्या तासात मिलच्या फाटकावर साठेक माणसं जमली, त्यातली वीस-बावीस डबा घेऊन. कुणीतरी सांगितलं, मिल चालू झाली. कुणीतरी पुढे जोडलं, पहिली पाळी आधीच आत गेली आहे. हे ऐकून मागच्यांनी फाटक ढकललं आणि चौकीदारानं आपणही कामगारच असल्याचं आठवून ते उघडलं.

आत तुषारांच्या धुक्यात चार माणसं व्हायोलिन वाजवत होती. लोक आपापल्या लूमपाशी जाऊन सवयीनं उभे राहिले.  जयेशबाबूंनी हातानं ‘शांत राहा’ अशी खूण केली, कारण तारा तुटत नव्हत्या आणि मशीन चालू होतं. पंख्याच्या घरघरीबद्दल ते दिनानाथांच्या कानात म्हणाले, “राहू द्या. अँबियन्स आहे.”

मात्र ओल्या हवेत तात फुगत चालली होती. सूर आधी जाड झाले, मग घोगरे, मग त्यांना एक करकर चढली. गज तारेवर चिकटून सुटे आणि सुटून चिकटे. दिनानाथांनी डोळे मिटले आणि आपला एकट्याचा भाग वाजवला. तो संपला तेव्हा लूमपाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, “कोणत्या नंबरचा लूम आहे हा?”

त्याच वेळी लेबर ऑफिसचे साहेब आत आले. मिल चालू झाल्याची खबर त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी दिली होती. त्यांनी चालता पंखा पाहिला, ओली हवा पाहिली, लूमपाशी उभे कामगार पाहिले आणि वही काढली.

“सर, हे रेकॉर्डिंग आहे,” जयेशबाबू म्हणाले.

“वो हम भी कर रहे हैं,” साहेब लिहीत म्हणाले.

सुनावणी पंधरा दिवसांनी लेबर ऑफिसात त्याच साहेबांसमोर झाली. जयेशबाबूंच्या अर्जात मिलची सगळी यंत्रं निकामी असल्याचं लिहिलं होतं. ते खरं ठरलं तर परवानगी त्याच दिवशी मिळणार होती, आणि सोमवारपासून शेड पाडायला माणसं येणार होती. जयेशबाबूंच्या वकिलांनी युक्तिवाद केला की पंखा केवळ वाद्यांसाठी लावला होता, काम काहीच झालं नाही, आणि पुरावा म्हणून ते कॅसेटच घेऊन आले होते. साहेबांनी ती वाजवायला परवानगी दिली. टेपरेकॉर्डर टेबलावर आला.

कॅसेट वाजू लागली. दिनानाथ मागच्या बाकावर उदयसिंहांशेजारी बसले होते. त्यांनी रेकॉर्डिंग अजून ऐकलं नव्हतं. सुरुवातीला गार्डसाहेब वेळेवर सुटले आणि थांबले नाहीत. मग घरघर, करकर, खटखट. साहेबांनी खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं. दिनानाथांना वाटलं, यांना संगीत कळतं. नेमका त्यांचा संथ भाग सुरू झाला तेव्हा साहेबांनी हात वर करून टेप थांबवला.

“वकीलसाहब, आप कहते हैं एक भी लूम नहीं चलता. फिर ये क्या चल रहा है?”

“सर, ये म्यूज़िक है. बरोक म्यूज़िक.”

“मेरे पिताजी मिल में थे. अठारह साल मैं लूम की आवाज़ में सोया हूँ. मुझे मत बताइए.” साहेबांनी कागद चाळले. “यहाँ मिल का कोई जॉबर है?”

उदयसिंहांनी दिनानाथांना कोपरानं ढोसलं. ते उठून पुढे गेले.

“जॉबर होते ना तुम्ही?” साहेबांनी मराठीत विचारलं. “मग ऐका आणि सांगा. या कॅसेटमध्ये काय चालतंय?”

टेप पुन्हा सुरू झाला. संथ भाग. तीन आठवड्यांचा रियाज, आजोबांचं व्हायोलिन, दारात येऊन उभी राहिलेली सुहासिनी. दिनानाथांना एकेक सूर ओळखू येत होता आणि एकेक सूर टोचत होता. तो आपला आहे असं सगळ्या खोलीला सांगावंसं त्यांना वाटलं. जयेशबाबू पुढे झुकले होते. “दिनानाथजी, सांगा ना यांना,” ते काकुळतीनं म्हणाले. “हे तुम्ही वाजवलंय. हे संगीत आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी त्यांनी स्वतःला कलाकार म्हणवून घ्यावं म्हणून हात जोडत होतं. दिनानाथांनी मागे वळून पाहिलं. बाकावर बसून आणि बाकामागे भिंतीला टेकून विव्हिंग खातं सुनावणी ऐकत होतं, सगळेच्या सगळे, आणि कुणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं. सगळे जमिनीकडे पाहत होते.

त्यांनी आणखी थोडं ऐकलं. जॉबर जसा ऐकतो तसं, मान वाकडी करून.

“साहेब,” ते म्हणाले, “बऱ्याच दिवसांत तेल पडलेलं नाही. बाकी काही बिघाड नाही.”

साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. जयेशबाबूंनी डोक्याला हात लावला. यंत्रांची तपासणी पूर्ण होईपर्यंत शेडमधला एक खिळाही हलवू नये असा आदेश निघाला, आणि त्याची एक प्रत जॉबर म्हणून दिनानाथांनाही मिळाली. घरी जाऊन त्यांनी ती सुहासिनीबाईंना वाचून दाखवली. कॅसेटमधल्या आवाजाबद्दल साहेबांनी लिहिलं होतं: ‘पुराना है, पर हालत ठीक. चलने योग्य. ऑइलिंग आवश्यक.’

दिनानाथांच्या वादनाला मिळालेला हा पहिला लेखी अभिप्राय होता. खाली सही होती आणि गोल शिक्काही.