कादंबरीचं साल निश्चित करण्याबाबत

इतिहास घडून गेलेला असतो तोवरच तो शिकवण्याजोगा असतो. तो अजून चालू आहे अशी नुसती शंका जरी आली, तरी शाळेच्या शिस्तीचा प्रश्न उभा राहतो. नेब्रास्कातल्या आमच्या लिंडग्रोव्ह हायस्कुलात मी हे तत्त्व निष्ठेने पाळत आलो आहे. मी तिथे इतिहास आणि कुस्ती शिकवतो. (नेमणूकपत्रात क्रम उलटा आहे.)

अकरावीला आधुनिक अमेरिकन साहित्य शिकवायला लोरेटा कुबिक नावाच्या बाई होत्या. होत्या म्हणजे अजून आहेत, धडधाकट आहेत, फक्त इथे नाहीत. पुस्तक ज्या काळात लिहिलं गेलं तो काळ कळल्याशिवाय पुस्तक कळत नाही, असा बाईंचा समज होता. समज म्हणून तो निरुपद्रवी होता. बाई तो अमलात आणायला निघाल्या, तिथे बिघडलं.

त्यांनी वर्गात लावलेली कादंबरी आमच्याच गावातून शिकागोला गेलेल्या एका माणसाने एकोणीसशे पन्नासच्या दशकात लिहिलेली आहे. गावात तिचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ते पुस्तक' म्हणतात. त्यात एका गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे टपालाने लाल मुखपृष्ठाचं मासिक येतं. मासिक हिरड्यांच्या रोगांवरचं असतं, म्हणून लाल. पण दिवस असतात कम्युनिस्टांच्या धास्तीचे. गाव सभा भरवतं, डॉक्टरला घालवण्याच्या अर्जावर सह्या करतं, डॉक्टर जातो आणि उरलेल्या शंभर पानांत सगळ्या गावाचे दात ठणकतात. पुस्तक अर्थातच काल्पनिक आहे. (आमच्या गावात दाताचा डॉक्टर नाही. आम्ही चाळीस मैलांवर जातो. हा निव्वळ योगायोग.)

मी स्वतः केलेल्या पाहणीनुसार गावातल्या सत्तर टक्के लोकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. उरलेल्या तीस टक्क्यांनीही वाचलेलं नाही, पण त्यांचं त्याबद्दल मत आहे.

बाई आधी माझ्याकडेच आल्या होत्या.

"कोच, पन्नासचं दशक मुलांना जरा समजावून द्याल का?"

"बाई, माझ्या अभ्यासक्रमात त्याला एक पान आहे. आणि त्या आठवड्यात जिल्ह्याच्या कुस्त्या आहेत."

"मग मीच बघते," बाई म्हणाल्या.

त्यांनी बघितलं. जुनी वर्तमानपत्रं आणली, शाळेच्या खानावळीकडून त्या काळचं थुलथुलीत जेलीचं सॅलड करवून घेतलं. इथवर गाव खूश होतं, कारण जेली आम्हाला आजही आवडते. मग त्यांनी गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्या गावात असा अर्ज कधी निघाला होता का?

शाळा मंडळाचे अध्यक्ष मर्ल ओस्टरगार्ड ट्रॅक्टर विकतात. त्यांची नात टेसा त्याच वर्गात. रविवारच्या जेवणाला तिने सरळ विचारलं. पुढचं मला मर्लनेच सांगितलं, तक्रार म्हणून.

"आजोबा, त्या अर्जावर पहिली सही माझ्या पणजोबांची होती का?"

"अगं, ती गोष्ट आहे. गोष्टीत काहीही लिहितात. असलं काही झालेलं नाही."

"मग आजी ताटावरून उठून आत का गेली?"

"ग्रेव्ही आणायला."

"ग्रेव्ही इथेच आहे आजोबा. तुमच्या पुढ्यात."

त्या आठवड्यात बऱ्याच घरांतल्या आज्या ताटावरून उठल्या. मंडळाची तातडीची बैठक लागली. पालकांच्या वतीने डार्ला हिंक्ली बोलल्या. त्या केशकर्तनालय चालवतात, त्यामुळे जनमत त्यांच्या हाताखालून जातं. "साहित्याला आमची ना नाही," त्या म्हणाल्या. "इतिहासालाही नाही. पण दोन्ही एकाच तासाला कशाला?"

मुद्दा बिनतोड होता. साहित्य सकाळी आणि इतिहास दुपारी शिकवावा, मध्ये जेवणाची सुट्टी असावी, म्हणजे पहिलं पचल्यावर दुसरं पोटात जाईल, असा ठराव झाला. तेव्हा कुबिकबाईंनी हात वर करून विचारलं, "मग कादंबरी कोणत्या साली घडते म्हणून सांगू?"

सभेने याचा विचार केलेला नव्हता. कोणाच्याही भावना न दुखावणारं एक साल शोधण्यासाठी उपसमिती नेमली गेली आणि तज्ज्ञ म्हणून मला घेतलं. काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. चाळीसचं दशक महायुद्धाचं. त्यात एका सभासदाचा आजा लष्करभरतीच्या वेळी आजारी होता, पण फक्त कागदावर. तिसाच्या दशकात शेजाऱ्यांची शेतं जप्त करणारी गावचीच बँक होती. विसाच्या दशकात, काळ्यांना धमकावायला रात्री अंगावर घेतात तसल्या पांढऱ्या चादरींचा खप अचानक वाढला होता, एवढंच सांगून एक सभासद खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी मीच उपाय काढला. लिंडग्रोव्ह वसलं १८८७ साली. त्याआधी गावच नव्हतं, तेव्हा गावाने काही केलेलं असणं शक्यच नाही. त्यामुळे कादंबरी १८७१ साली घडते, असं एकमताने ठरलं. तिच्यातले फ्रीज, मोटारी आणि टीव्ही हे लेखकाच्या द्रष्टेपणाचे पुरावे म्हणून शिकवावेत, अशी पुस्ती मी जोडली.

टेसा प्रेक्षकांत होती. "पण १८७१ला या जमिनीवर कोण राहत होतं?" तिने विचारलं.

अध्यक्षांनी कॉफीसाठी मध्यंतर जाहीर केलं. मध्यंतरानंतर विषय निघाला नाही.

बाईंनी १८७१ शिकवायला नकार दिला. शांतपणे दिला, त्यामुळे तो जास्त उद्धट वाटला. म्हणून त्यांना पुढल्या वर्षी ठेवू नये असा अर्ज निघाला आणि व्यायामशाळेत जाहीर सभा भरली. बाईंनी मुलांना सांगितलं, "आज तास नाही. सभेला या, पुस्तक घेऊन या."

अकरावीचा अख्खा वर्ग पहिल्या रांगेत पुस्तकं उघडून बसला. आमच्या मुलांना इतकं तन्मय मी कुस्तीतही पाहिलेलं नाही.

डार्ला उठल्या. "आमचं बाईंशी काही वैर नाही. आम्हाला फक्त मुलांची काळजी आहे."

मुलांची बोटं ओळीवरून सरकली. पान उलटल्याचा एकदम आवाज झाला.

औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "माणूस म्हणून त्या चांगल्याच आहेत. म्हणूनच तर जास्त जपायला हवं." पुन्हा पान उलटलं. रांगेच्या टोकाचा एक मुलगा ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य आधीच म्हणत होता.

मग मर्ल बोलायला उभे राहिले. अर्ज सगळ्यांकडे फिरेल, ज्याला वाटेल त्याने सही करावी, एवढं सांगून ते खाली बसणार, तोच टेसाने हात वर केला.

"आजोबा, एक ओळ राहिली."

"कोणती?"

टेसाने पुस्तकातून वाचून दाखवलं. "'सही करायची सक्ती नाही. कोण करत नाही, तेवढं फक्त बघून ठेवू.'"

मर्लचा चेहरा उतरला. ते नातीकडे पाहत राहिले आणि मला वाटलं, आता हे घरी जाऊया म्हणतात. पण अध्यक्षपद ही जबाबदारी आहे.

"त्याच्यावर मी येतच होतो," ते म्हणाले, आणि ती ओळ त्यांनी जशीच्या तशी म्हटली.

टेसाने पुस्तक मिटलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडत होती.

अर्ज माझ्याकडे आला तेव्हा माझ्या एका हातात कॉफी होती. टेकायला जागा नव्हती. शेजारी कुबिकबाईच होत्या. "जरा धरता का?" मी विचारलं. त्यांनी पेला धरला. माझी सही होईपर्यंत धरून ठेवला आणि सांडू न देता परत केला. शिष्टाचार म्हणतात तो हा.

बाई जूनमध्ये ओमाहाला गेल्या. सरकारी परीक्षेत त्या वर्षी एक प्रश्न आला: 'साधी माणसं अन्यायात कशी सामील होतात, ते पाठ्यपुस्तकाच्या आधारे लिहा.' आमच्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मंडळाने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला, कारण प्रात्यक्षिक मंडळानेच दिलं होतं. टेसा आता रविवारी जेवायला आजोबांकडे जात नाही. मर्ल तिची खुर्ची मात्र मांडून ठेवतात. आता साहित्याचा तासही मीच घेतो.

तुम्ही लांबचे वाचक. आमच्यावर खुशाल हसा. त्या अडाणी गावात असं चालतं, तुमच्याकडे चालत नाही, हे मला मान्य आहे. फक्त वाचता वाचता तुम्हाला तुमच्याकडच्या कोणा बाईंचं, मास्तरांचं, शेजाऱ्याचं नाव आठवलं असेल, तर ते मोठ्याने घेऊ नका. आधी खोलीत कोण कोण आहे ते बघा.

बघितलंत ना? झालं तर मग.