पी.टी. सरांचा गाण्याचा डबा

दुकानदार अरशदने काउंटरवर तीन म्युझिक प्लेयर मांडले आणि नरेंद्र एक पाऊल मागे सरकला. बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत शेलार गावी सासऱ्यांकडे जायचं, जाताना त्यांना काहीतरी न्यायचं, हे त्याच्या बायकोने, वनिताने परस्पर ठरवून टाकलं होतं. सासरे म्हणजे रामदास सर. शाळेत पाच वर्षं ते नरेंद्रचे पी.टी.चे मास्तर होते. लग्नानंतर ते सासरे झाले, पण भीती मात्र शाळेतलीच राहिली. वडप्याच्या गोदामात दीडशे माणसांची शिफ्ट हाकणारा हा गडी सरांचा फोन आला की उभा राहून बोलायचा.

"हा लायटिंगवाला, हा ब्लूटूथवाला आणि हा एकदम साधा," अरशद म्हणाला. "कार्डात वंदना, भीमगीतं सगळं टाकून देतो. रेकॉर्डिंगपण होतं बघा, हे लाल बटण." त्याने बटण दाबून दाखवलं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला.

कोणता घ्यावा यावर नवराबायकोची दहा मिनिटं चर्चा झाली. नरेंद्र अगदी मोकळेपणी बोलला. शेवटी साधाच ठरला आणि अरशदने तो चकचकीत कागदात बांधून दिला.

शेलारला अंगणात पोचल्यावर नरेंद्रने पुडकं सरांच्या हातात ठेवलं आणि त्याचा फोन वाजला. अरशद होता.

"नरेंद्रभाई, वो रेकॉर्डिंग मैंने चालू किया था. आपने बंद किया ना?"

"मी कशाला बंद करू?"

"फिर सेव हो गया होगा. डिलीट कर देना, आसान है."

नरेंद्रने फोन ठेवला. तो वनिताच्या कानाशी लागला. "दुकानात मी काय काय बोललो गं?"

"सगळंच," वनिता म्हणाली आणि तिचाही चेहरा उतरला.

सरांनी कागद अलगद सोडवला होता. नरेंद्र पुढे झाला. "सर, आधी चार्ज करायला लागतो. द्या, मी करून आणतो."

"बॅटरी फुल दाखवतेय."

"मग गाणी नीट लावून देतो."

"मी काय अडाणी हाय?" सरांनी नुसतं पाहिलं. नरेंद्रचा पुढे गेलेला हात आपोआप मांडीला चिकटला.

सासूबाई शांताबाई आणि मेहुणी संघरत्ना स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डब्यातून वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले; नरेंद्रने जरा जास्तच मनापासून जोडले. वंदना लांबावी, वीज जावी, निदान कुणी पाहुणा तरी यावा, असं त्याला वाटत होतं. वंदना संपली. सरांनी पुढचं बटण दाबलं.

"लायटिंगवाला नको," डब्यातून नरेंद्र बोलला. "अंधारात त्यांचा चेहरा दिसेल. अगं, त्यांनी नुसती मान वळवली तरी माझे गुडघे सावधान होतात. सहा वर्षं झाली लग्नाला, अजून त्यांच्यासमोर पोटभर जेवलो नाही मी. गोदामात ट्रक अंगावर आला तरी एवढा घाबरत नाही."

संघरत्नाने ओढणी तोंडात कोंबली. सरांनी प्लेयर बंद केला, काखेत मारला आणि तडक आत गेले.

"जा, पाया पडा," वनिता म्हणाली.

"ते मारतील."

"मग मार खाऊन या. पण जा."

नरेंद्र पाय ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि थिजला. आत पुन्हा त्याचाच आवाज चालला होता. सर प्लेयर शांताबाईंच्या कानाजवळ धरून उभे होते.

"ऐकलंस ना? ट्रकपेक्षा म्हणतोय."

"मघाशी ऐकलं," खीर ढवळता ढवळता शांताबाई म्हणाल्या. "तो डबा ठेवा आन् नारळ खवायला घ्या. कवाची सांगतेय."

सरांनी निमूटपणे विळी ओढली आणि बसले. मान वर करताना त्यांना दारात जावई दिसला. शांताबाईंची पाठ आहे याची खात्री करून त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"नरेंद्र," ते कुजबुजले, "हे चुकून पुसलं तर न्हाय ना जाणार?"